आते क्या?

सेंट्रल बसस्टँडवर उतरले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. पुण्याहून सहा तास बसून पाठीचा पार लाकडी पाट झालेला, आणि बाहेर एप्रिलचं ऊन, आमच्याकडचं, ज्यात सावलीसुद्धा गरम लागते. फाटकाशी रिक्षांची रांग होती. पहिल्या रिक्षातला माणूस साठीचा असेल. दाढीला मेंदी, खांद्यावर ओला पंचा. मी बॅग सावरत विचारलं, "भैया, औरंगपुरा चलेंगे?" त्याने माझ्याकडे पाहिलं, चाकांच्या बॅगेकडे पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "बसा ना ताई. बाहेरच्या आहात का? मकबरा बघायचाय की वेरूळला जायचंय?"

मी बाहेरची नाही. माझा जन्म घाटीतल्या सरकारी दवाखान्यातला, शाळा खडकेश्वरजवळची, पहिली सायकल शिकताना आपटले ती गुलमंडीच्या उतारावर. हे सगळं त्याला सांगावंसं वाटलं, पण जो खरंच इथला असतो तो असा पुरावा देत बसत नाही, म्हणून गप्प बसले. साठ रुपये दिले. जास्त होते हे कळत होतं. घासाघीस करायची तर ती कोणत्या भाषेत, हे तेवढ्यात सुचलं नाही.

रात्री गच्चीवर पडल्या पडल्या लक्षात आलं, त्याने कशावरून ओळखलं ते. बॅगेवरून नाही, "चलेंगे" वरून. आमच्या गावात रिक्षावाल्याला चलेंगे म्हणत नाहीत. "औरंगपुरे आते क्या?" असं विचारतात. हिंदी शिकलेल्या माणसाला हे ऐकून गंमत वाटते, कारण हिंदीत रिक्षावाला येत नाही, चालतो. येतो तो मराठीत. औरंगपुऱ्याला येता का? हे वाक्य जसंच्या तसं उचललं, त्यावर उर्दूचा अंगरखा चढवला आणि रस्त्यावर सोडून दिलं. तीनशे वर्षं ते तसंच फिरतंय, आणि मी तीस वर्षांत ते विसरून आले.

त्या रात्री झोप उशिरा लागली. उकाडा होताच.

आमच्या शाळेत हिंदीच्या बाई होत्या, उत्तरेकडच्या. त्या आमच्या वह्यांवर लाल शाईने अक्षरशः रांगोळी काढत. "मेरेकू पानी होना" असं एका मुलाने निबंधात लिहिलं होतं. बाईंनी वर्गात वाचून दाखवलं आणि विचारलं, तुला पाणी व्हायचंय का? सगळे हसले, मीही हसले. तो मुलगा हसला नाही. आता वाटतं, त्याची काय चूक होती? "मला पाणी हवं" मधला हवा-हवी-हवं तरी कुठून आला, तो होण्यातूनच ना. "क्या तो भी बोलता" हे बाईंच्या मते निरर्थक वाक्य होतं, पण कुठल्याही मराठी माणसाच्या कानावर ते पडलं की त्यात "काहीतरीच बोलतो" ऐकू येतं. कौन तो भी म्हणजे कोणीतरी, कब तो भी म्हणजे कधीतरी. ऐसाच, वैसाच, अब्बीच, यहींच, यातला प्रत्येक च आपला आहे, आपल्याच घरातून उसना नेलेला आणि परत न केलेला. आणि "नक्को" बद्दल तर बोलायलाच नको. नुसत्या नकोला तो जोर नाही. दुकानदाराने तिसऱ्यांदा वाण दाखवलं की नक्को मधल्या त्या जोडाक्षरावर हात टेकून माणूस उभा राहू शकतो.

एवढं असून त्या भाषेला, दखनीला, घरात आम्ही "मुसलमानी" म्हणायचो. भाजीवाल्याशी बोलायची, बांगडीवालीशी बोलायची, घरात आलं की चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायची. आणि मराठी बोलायची ती कोणती, तर तिचीही इज्जत मी पुण्यात गेल्यावर कळली. १९९२ साली हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलीला मी विचारलं, "काय करायलीस?" ती म्हणाली, करायलीस काय, करतेयस म्हण. पेरूला मी जाम म्हणायची. "काल मी चार जाम खाल्ले" हे वाक्य त्या मजल्यावर वर्षभर पुरलं. रुमालाला दस्ती म्हटलं त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही, कारण कोणाला कळलंच नाही. मग मी शिकले. पटकन शिकले, आणि शिकल्याचा अभिमानही बाळगला. सुट्टीत घरी आल्यावर आईला "करतेयस" म्हणाले तर आई म्हणाली, "बोल बाई, बोल. कव्हा निघायलीस परत ते सांग."

तर या खेपेला आले होते एका कागदासाठी. आजीची पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती, तिच्यात जुनी पंचांगं, एक तुटका अडकित्ता आणि चार घड्या घातलेला, चहाच्या रंगाचा कागद. गेली दोन-अडीच वर्षं मराठवाड्यात ज्याच्या त्याच्या माळ्यावरून निजामाच्या काळातले कागद खाली येताहेत, कोणाची कुठली नोंद सापडते ते बघायला. माझा भाऊ नाशिकला असतो. त्याचा रोज फोन, कागद वाचून घे, कागद वाचून घे. कागद उर्दूत, तोही शिकस्ता वळणात. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली, नुक्ते कुठेतरी सांडलेले. बाबा असते तर त्यांनी वाचला असता का? थोडा वाचला असता. ते १९३८ सालचे. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा दहा वर्षांचे होते, तोवर शाळेत उर्दू शिकलेले. पुढचं सगळं मराठीत झालं, नोकरी मराठीत झाली, पण दुधाचा हिशेब ते मरेपर्यंत उर्दू आकड्यांत लिहायचे. कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने बारीक. उर्दूतला पाच उलट्या बदामासारखा असतो, सात म्हणजे इंग्रजी व्ही आणि आठ म्हणजे तोच व्ही पालथा. लहानपणी मला वाटायचं बाबा तारखांवर पाखरं काढतात. एकदा विचारलं, असं का लिहिता, तर म्हणाले, गवळ्याला कळू नये म्हणून. गवळी बेगमपुऱ्याचा होता. त्याला तेवढंच कळत होतं.

बेगमपुऱ्यातच एक निवृत्त मास्तर राहतात, उर्दू शाळेतले. जुने दस्त वाचून देतात असं आईला कोणीतरी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले, ऊन चढायच्या आत, आणि या खेपेला चालत.

औरंगपुऱ्यातून भडकल गेटकडे जाताना मला लहानपणापासून एकच खोड आहे, नावं मोजायची. माणसं या शहरात येतात ती दरवाजे मोजायला. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून ख्याती, आणि पडलेले किती, उरलेले किती, यावर प्रत्येक औरंगाबादकराचा स्वतंत्र अभ्यास. मला दरवाजांपेक्षा पुरे आवडतात. पदमपुरा, करणपुरा, जसवंतपुरा, जयसिंगपुरा, भावसिंगपुरा, पहाडसिंगपुरा. शाळेत असताना ही नावं नुसती सिटी बसच्या पाटीवरची होती. पदमपुऱ्यात मावशी राहायची, बस्स. पुष्कळ नंतर कळलं की हा सगळा राजपुताना आहे. करणपुरा बिकानेरच्या राजा करणसिंहाचा, पदमपुरा त्याच्या मुलाचा, पदमसिंहाचा. जसवंतसिंह जोधपूरचा, जयसिंह आमेरचा, भावसिंह बुंदीचा. मोगलांच्या दख्खन मोहिमेवर आलेले हे सरदार फौजफाट्यासह वर्षानुवर्षं इथे तळ ठोकून राहिले. जिथे ज्याचा तळ तिथे त्याचा पुरा. करणसिंह १६६९ साली इथेच वारला. हवेल्या गेल्या, हत्तीखाने गेले. नवरात्रात करणपुऱ्याच्या देवीची जत्रा भरते, आकाशपाळणे लागतात, रेवड्यांचे ढीग लागतात, आणि कपाळभर मळवट भरून निघालेल्या बायकांना आपण बिकानेरच्या राजाच्या छावणीत चाललोय हे कोणी सांगत नाही. सांगायला हवं असंही नाही. देवी तर आपलीच आहे, तुळजापूरची भवानी.

मिर्झाराजे जयसिंग म्हटलं की आपल्याला पुरंदरचा तह आठवतो, तेवीस किल्ले आठवतात, घसा कोरडा पडतो. आणि इकडे जयसिंगपुऱ्यात माझी मैत्रीण क्लासला जायची, तिचे वडील तिथे पंक्चर काढायचे.

भडकल दरवाजा मलिक अंबरने १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयासाठी बांधला. आत उभं राहून वर बघितलं की मान दुखते. माझ्या लहानपणी त्याच्या कमानीतून रिक्षा जायच्या. आता शेजारी बाबासाहेबांचा पुतळा आहे, आणि चौदा एप्रिलला इथे पाय ठेवायला जागा नसते. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला, हाताहातांतून दख्खनपर्यंत आलेला, आणि शेवटी निजामशाही चालवणारा माणूस. त्याच्या दरवाजासमोर बाबासाहेब. हे कोणी ठरवून केलं असेल असं वाटत नाही, पण मला तिथून जाताना दर वेळी बरं वाटतं.

मलिक अंबरचं नाव आमच्याकडे निघतं ते पाण्यावरून. नहर-ए-अंबरी. उत्तरेच्या डोंगराकडून जमिनीखालून आणलेलं पाणी, ना पंप ना मोटर, निव्वळ उतारावर आणि दाबावर वस्तीत खेळवलेलं. १६१७-१८ चं काम. मध्येमध्ये हवा निघायला आणि पाणी वर चढायला विटांचे उभे मनोरे, त्यातले काही अजून घरांच्या मधोमध खुंटासारखे उभे आहेत, कोणी त्यांना डिशचा अँटेना बांधलाय. आता नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि त्या दिवशी गल्लीत लग्नघर असल्यासारखी धावपळ असते. चारशे वर्षांपूर्वी रोज यायचं हा विनोद इथला प्रत्येक जण करतो, त्यामुळे मी करत नाही. फक्त एवढंच सांगते, की आईच्या तोंडात अजून "नहर" आहे. मोरीचं पाणी तुंबलं की ती म्हणते, "बघ, नहर वाहायली."

पुढे मकई गेट. लहानपणी मला वाटायचं इथे मक्याची कणसं विकत असतील. कटकट गेट आहे, तिथे कटकट असणार, तसं मकई गेटला मका. खरं तर तो मक्केच्या दिशेचा दरवाजा, पश्चिमेचा. मक्काई दरवाजा. बोलता बोलता घासून मकई झाला. इथले मोठे दरवाजे असेच आहेत, ते कुठे उभे आहेत ते सांगत नाहीत, कुठे जायचंय ते सांगतात. दिल्ली दरवाजा दिल्लीला, पैठण दरवाजा पैठणला, आणि हा एक थेट मक्केला. कमानीतून एका वेळी एकच वाहन जातं. समोरून टेम्पो आला तर दोघांपैकी एकाला मागे घ्यावं लागतं, आणि कोणी घ्यायचं यावर जी चर्चा होते ती ऐकायला मी पाच मिनिटं उन्हात थांबले. टेम्पोवाला म्हणत होता, "पयले मैं आया ना? फिर कायकू घुसाया?" कारवाला मराठी होता, टाय लावलेला. तो खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "तू कित्ता दूर था, मैं देखा नई क्या?" टाय सुटला तरी "मैंने" मधला ने सापडला नाही. शाळेतल्या बाईंनी त्या "मैं देखा" वरही लाल रेघ ओढली असती.

बाईंचा एकटीचा दोष नाही. ही लाल रेघ जुनी आहे. वली नावाचा कवी इथलाच, सतराव्या शतकाच्या शेवटचा. दखनी म्हणून ओळखला गेला. तो १७०० साली दिल्लीला गेला तेव्हा तिथले कवी फारसीत लिहीत होते, रस्त्यावरच्या बोलीत गझल होऊ शकते यावर त्यांचा विश्वास नव्हता. वलीने तो बसवला. पुढे त्याचा दीवान, म्हणजे कवितासंग्रह, दिल्लीत पोचला आणि लोक वेडे झाले, ही उर्दूच्या इतिहासातली नेहमीची गोष्ट. तिचा उरलेला भाग कमी सांगतात. दिल्लीकरांनी भाषा घेतली, मग ती धुतली. त्यातले सूँ आणि कूँ आणि आमच्याकडचे शब्द गावंढळ म्हणून वेचून काढले. शे-दीडशे वर्षांत स्वच्छ झालेली भाषा शाळेच्या पुस्तकातून आमच्याकडे परत आली आणि आमच्याच पोरांना म्हणाली, तुला पाणी व्हायचंय का?

आणि त्याच्याही आधी, आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठणला, नाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला. त्यात हिंदू मराठीत भांडतो आणि तुर्क दखनीत. दोघांना एकमेकांचं सगळं कळतं, दुभाष्या कुठेच नाही. मकई गेटातली चर्चा याच जातीची म्हणायची.

मास्तरांचं घर गल्लीच्या टोकाला, दारात बकरी. त्यांनी मला बेटा म्हटलं, मी त्यांना सर म्हटलं. घरात पंखा होता, लाइट नव्हती. त्यांनी खिडकीपाशी खुर्ची ओढली, चष्म्यावर भिंग धरलं आणि कागद उन्हात तिरका केला. "शिकस्ता है. आजकल के बच्चोंकू ये पढने नई आता," ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. बकरी मात्र बोलत होती.

"मौजा..." त्यांनी सुरुवात केली, आणि थांबले. "वर गाँव? वद गाँव?"

"वडगाव," मी म्हटलं.

"हौ. वडगाव." ड ची खूण कारकुनाने वर केलीच नव्हती. पुढचा शब्द त्यांनी मला दाखवला. गाफ, नून, अलिफ, जीम, ये. "गनाजी? गिनाजी? गुनाजी?" उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, ते आपल्या पदरचे भरायचे असतात, हे मला तिथे खुर्चीवर बसून कळलं. आणि ण तर नाहीच. आमच्या घराण्यातले अर्धे पुरुष ण वर उभे आहेत. "गुणाजी," मी म्हटलं, "माझे पणजोबा." "अच्छा, मैं समझा गुनाहजी," ते म्हणाले आणि स्वतःच खळखळून हसले. गुणाजी वल्द राणोजी. कागदावर गनाजी वल्द रानोजी. साकिन वडगाव, पेशा काश्तकारी. असं करत आम्ही ओळीमागून ओळ गेलो. सरांना अक्षर दिसायचं पण नाव कळायचं नाही, मला नाव माहीत होतं पण अक्षर दिसत नव्हतं. आमच्या विहिरीचं नाव आलं, बांधाशेजारच्या शेताचं आलं, "चिंचेचा माळ" हे शब्द निजामाच्या कारकुनाने उर्दूत लिहिताना किती हाल करून घेतले होते ते आलं. तेवढ्यात त्यांच्या सुनेने चहा आणला, बशीत दोन बिस्किटं. मी नको म्हटलं. तोंडातून नक्को आलं नाही. सून म्हणाली, "ले लो बाजी, घर के जैसाच है."

मग कौम, म्हणजे जात, असं लिहिलेली जागा आली. नेमकी घडीवर. तिथे कागद चिरला होता आणि कसरीने बारीक जाळी केली होती. सरांनी भिंग वर-खाली केलं, कागद पलटून मागून बघितला, पुन्हा पुढून बघितला. "शुरू में काफ है," ते म्हणाले. काफ म्हणजे आपला क. "पक्का काफ है."

"मग?"

"मग काय," सर एकदम मराठीत आले, "काफने पुष्कळ सुरू होतं, बेटा. पुढचं दिसल्याशिवाय मी नाही बोलणार. उद्या कोणी विचारलं तर माझी मान जाईल." पैसे विचारले तर हात जोडले. फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, "वापस आओ तो गुलमंडी की इमरती लाओ. मेरेकू डॉक्टर खाने नई देता, बच्चे खाते."

भावाला फोन केला. तो म्हणाला, म्हणजे काम झालं नाही. मी म्हटलं, राणोजीचं नाव कळलं की. तो म्हणाला, राणोजी घेऊन काय करू?

त्याचंही खरं आहे. त्याच्या मुलीच्या ॲडमिशनचं आहे.

परतताना पाणचक्कीत शिरले, केवळ सावलीसाठी. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची अठराव्या शतकातली ही चक्की डोंगरातल्या झऱ्याच्या पाण्यावर फिरायची आणि मुसाफिरांसाठी, फकिरांसाठी, मदरशातल्या पोरांसाठी पीठ दळायची. उंच भिंतीवरून पाणी हौदात पडतं, हौदात मासे, हौदाच्या खाली मोठं दालन. छतावर पाणी असल्याने ते दालन उन्हाळ्यातही गार. बाबा दर रविवारी आम्हाला आणायचे. मकबऱ्याला फारसे नेत नसत. तिथे पाहुण्यांना न्यायचं असतं. पाहुणे दर वेळी म्हणणार, ताजमहालासारखाच आहे पण लहान आहे, आणि बाबा दर वेळी म्हणणार, आमच्या आईसारखी तुमची आई आहे का असं आम्ही विचारतो का? एकदा मात्र त्यांनी मला मकबऱ्याच्या मुख्य दरवाजाशी उभं करून दोन नावं सांगितली होती. अताउल्ला, ज्याने आराखडा केला, आणि हंसपत राय, जो इंजिनियर होता. औरंगजेबाच्या बायकोच्या, राणी दिलरस बानूच्या, मकबऱ्याच्या दरवाजावर एका हंसपतचं नाव फारसी लिपीत कोरलंय. बाबांनी बोट ठेवून वाचायचा प्रयत्न केला होता. ह, न, स... आणि पुढे त्यांनाही लागलं नव्हतं. "आता विसरलो," म्हणाले होते. तेव्हा मला ते फार म्हातारे वाटले होते. ते माझ्या आजच्या वयाचेसुद्धा नव्हते.

हौदाच्या कठड्यावर एक शाळेची सहल बसली होती, डबे उघडलेले. मार्गदर्शक मुलांना सांगत होता की या शहराचं नाव आधी खडकी, मग मलिक अंबरच्या मुलाने फतेहनगर केलं, १६५३ नंतर औरंगाबाद. एका मुलीने विचारलं, आणि आता? तो म्हणाला, आता छत्रपती संभाजीनगर, २०२३ पासून. मुलीने वहीत चारही लिहिली, खाली रेघ मारली आणि डबा खायला लागली. माझं इतकं सोपं नाही. शंभूराजांना ज्याने तसं मारलं त्याचं नाव गावाच्या पाटीवर का, हे मला कळतं. आणि माझ्या जन्मदाखल्यावर, बाबांच्या पेन्शनच्या कागदावर, झोपेत कोणी विचारलं तर माझ्या तोंडात जे नाव आहे ते एका बादशहाचं नाही, ते पाटीवाल्या सिटी बसचं आहे, हेही कळतं. दोन्ही बाजूंनी मला भांडता येतं. म्हणून मी भांडत नाही. आई या भानगडीत कधीच पडली नाही. ती गुलमंडीला निघाली की म्हणते, "शहरात जाऊन येते." पन्नास वर्षं शहराच्या मध्यात राहून ती रोज शहरात जाऊन येते.

निघायच्या दिवशी दुपारी आईने दशम्या बांधून दिल्या, शेंगदाण्याची चटणी दिली, कागद पुन्हा पंचांगात ठेवला आणि ट्रंक माळ्यावर चढवायला शेजारच्या पोराला हाक मारली. मी म्हटलं, खालीच राहू दे ना. ती म्हणाली, "खाली काय जागा आहे?" तीन खोल्यांत ती एकटी. जागाच जागा आहे.

मी मोबाइल काढून रिक्षा बोलवायला लागले. ॲपमध्ये चार मिनिटं दाखवत होतं, मग सात, मग कोणीच नाही. तोवर आई गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली होती, पदर खोचून, ऐंशीला टेकलेली. रिक्षा दिसली तसा तिने हात केला.

"ओ भाई! स्टँडपे आते क्या?"

"कित्ते जने?"

"एकीच है. कित्ता लेते?"

"पचास देव अम्मा."

"क्या तो भी बोलते! तीस देती. आना तो आव, नई तो नक्को."

तो चाळीसवर आला. ती पस्तीसवर गेली. मी बॅग उचलून मध्ये बसले. आईने खिडकीतून नाही, कारण रिक्षाला खिडकी नसते, नुसत्याच त्या उघड्या बाजूने माझ्या हातात दस्ती कोंबली, तिच्या गाठीत काहीतरी बांधलेलं. पोचल्यावर फोन कर म्हणाली आणि वळून चालायला लागली. मागे बघायची तिला सवय नाही.

औरंगपुऱ्यातून बाहेर पडेपर्यंत रिक्षावाला काही बोलला नाही. पोरसवदा होता. आरशातून एकदा माझ्याकडे बघितलं, मग विचारलं, "अम्मा है ना तुम्हारी? एकलीच रैती क्या उनो?"

"हौ," मी म्हटलं.

क्रांती चौकात सिग्नल लागला होता. त्याने इंजिन बंद केलं.